लाखो फाईली हलवताना सिंक अडकलं तर: लगेच रिइन्स्टॉल करू नका, आधी फाईलींची नावं बघा

जळगाव, भुसावळ, सावदा, चोपडा या पट्ट्यात मी बरीच वर्षं लोकांचा डेटा इकडचा तिकडे हलवायचं काम करतोय. फोटो स्टुडिओ, सीएंची ऑफिसं, केळीचे व्यापारी, दोन-तीन शाळा. आणि फोन ठरलेला येतो, "दादा, सिंक नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलंय, तीन दिवस झाले हलत नाय." सिंक म्हणजे दोन मशिनींवरच्या फाईली आपोआप सारख्या ठेवणं. फोन येईपर्यंत कोणीतरी त्यांना सांगून मोकळं झालेलं असतं की सॉफ्टवेअर काढून परत टाक, नाहीतर त्याचा डेटाबेस उडव म्हणजे नव्याने सुरू होईल. हा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कोणती फाईल कधी आली, कोणती मुद्दाम डिलीट केली, याची नोंद त्या डेटाबेसमध्ये असते, ती उडाली की सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या सगळ्या फाईली पहिल्यापासून वाचत बसतं, तुम्ही महिन्यापूर्वी काढून टाकलेल्या फाईली परत उगवतात, आणि अडकायचं मूळ कारण होतं तिथेच राहतं.

दुसरी चूक याच्याही आधीची असते. दोन टीबी डेटा, नवीन रिकामी डिस्क, आणि लोक थेट सिंक लावून देतात, की हलवेल तेच हळूहळू. सिंक सॉफ्टवेअर बनलंय रोज बदललेल्या चार फाईली पोचवायला. रोज दुधाचा रतीब घालणाऱ्या माणसाला तुम्ही अख्खं घर हलवायला लावताय. मोठा लॉट आधी साध्या कॉपीने न्यायचा, दोन्हीकडे सारखं आहे हे मोजून बघायचं, आणि मगच सिंक जोडायचं. हाच क्रम धरून पुढे लिहितोय. सिंक आधीच लावून अडकला असाल तर सगळ्या मशिनींवर ते पॉज करा आणि नावांच्या पायरीपासून वाचा.

तयारी

वेगळ्या डिस्कवर बॅकअप, दोन्ही मशिनींना यूपीएस, स्लीप बंद, विंडोज अपडेट पुढे ढकललेलं. हे केलंय असं धरून चालतो.

एकच सांगतो, ते बाहेरचे लोक सांगत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो आणि बहुतेक हार्ड डिस्कची चालायची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. प्लॅस्टिकच्या बंद डबीतली एक्स्टर्नल डिस्क दुपारी सलग पाच तास लिहीत राहिली की तापते, मधेच यूएसबीवरून गायब होते, परत येते, आणि सॉफ्टवेअर म्हणतं फोल्डर सापडत नाही. लोक सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात. मोठी कॉपी रात्री लावा, डिस्क टेबलावर उघडी ठेवा आणि टेबलफॅन तिच्या तोंडावर सोडा.

मोजणी आणि वेळेचं गणित

मूळ फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, फाईली किती आणि बाईट किती हे दोन्ही आकडे वहीत लिहा. कॉम्प्युटरवर लिहू नका, वहीत.

मग किती वेळ लागायला पाहिजे ते काढा, कारण अर्ध्या वेळेला "अडकलं" म्हणजे नुसतं हळू चाललेलं असतं. दोन टीबी डेटा गिगाबिट लॅनवर नीट चालला तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातो, म्हणजे पाच तास. तोच वायरीतली एखादी जोडी तुटकी असली की लाईन गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, सेकंदाला ११-१२ एमबी, म्हणजे दोन दिवस. तीनशे रुपयांची वायर बदलली आणि काम झालं असं माझ्याकडे कितीतरी वेळा घडलंय, म्हणून नेटवर्क सेटिंगमध्ये स्पीड १ गिगाबिट दिसतोय का ते पहिलं बघा. इंटरनेटवरून वर चढवायचं असेल आणि अपलोड २० एमबीपीएस असेल तर दोन टीबीला नऊ दिवसांच्या वर लागतात, यात कोणाचाच दोष नाही. आणि लहान लहान फाईली लाखांनी असल्या तर हे सगळं गणित आणखी ढिलं पडतं, प्रत्येक फाईल उघडायचा-बंद करायचा वेळ असतोच. स्वस्तातल्या मोठ्या डिस्का, ज्यांच्यात डेटाच्या पट्ट्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्या सुरुवातीला जोरात लिहितात आणि शे-दोनशे जीबीनंतर एकदम मान टाकतात, तेही माहीत असू द्या.

कॉपी

माऊसने ओढून टाकू नका. विंडोजवर रोबोकॉपी, लिनक्स किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) आरसिंक, दोन्ही कॉपीच्या कमांड आहेत. स्विच, म्हणजे कमांडपुढे जोडायच्या सूचना, मी इथे मराठी अक्षरांत लिहितोय, टाईप अर्थातच इंग्रजीत करायचे.

रोबोकॉपीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही आणि तिच्यामुळे माणसं रात्र-रात्र बसून राहतात. फाईल उघडली नाही तर ती परत प्रयत्न करते, आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर १० लाख वेळा करते, दर प्रयत्नात ३० सेकंद थांबून. हिशोब करा, एका लॉक झालेल्या फाईलीपायी जवळजवळ वर्षभर. म्हणून /आर:१ आणि /डब्ल्यू:१ कायम लावा, राहिलेल्या फाईली लॉगमध्ये दिसतात, त्या नंतर बघता येतात. लॉग /युनिलॉगने घ्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि कोणती फाईल राहिली ते कळत नाही. समोरची डिस्क फॅट किंवा लिनक्सवाली असेल तर /एफएफटी लावा, तिथली वेळ दोन सेकंदांच्या फरकाने लिहिली जाऊ शकते आणि मग प्रत्येक फाईल "बदललीय" वाटून परत परत कॉपी होते. काम संपल्यावर कोड १ आला तर घाबरू नका, रोबोकॉपीत ८ च्या खालचं सगळं ठीक असतं.

/एमआयआर हा स्विच मूळ जागी नसलेलं सगळं समोरून उडवतो. आधी /एल लावून नुसती यादी काढा, वाचा, आणि मगच खरं चालवा. मूळ जागा आणि समोरची जागा उलटी टाईप केली आणि /एमआयआर दिलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर आरसा धरते, मग बोलायला काही उरत नाही.

आरसिंकला मूळ फोल्डरच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची की नाही तेवढं बघा. रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरच्या आत फोल्डर बनतं आणि नंतर सिंकला सगळ्याच फाईली नवीन वाटतात.

नावं, आणि इथे घाई करायची नाही

आता जिथे मी स्वतः पडलोय ती पायरी. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे काम होतं. जुना विंडोजचा टॉवर, त्यातून नवीन नॅसवर माल न्यायचा, आणि मुलगा पुण्याला, त्याच्या मॅकबुकवर तेच सिंक. काटापावत्यांचे फोटो, ट्रकच्या बिल्ट्या, शेतकऱ्यांचे हिशोब, सगळं मिळून सहा लाखांच्या वर फाईली. कॉपी झाली, सिंक जोडलं, आणि शेवटच्या तीनशे-साडेतीनशे फाईलींवर येऊन ते थांबलं. आकडा मधेच दोनने कमी व्हायचा, परत वाढायचा. दोन दिवस मी तेच केलं जे आज लोकांना करू नका म्हणतोय, पॉज, चालू, रीस्टार्ट.

तिथल्या दिवाणजींनी नॅसचं फोल्डर उघडून विचारलं, "भाऊ, हाई फोल्डर दोनदा काबरं दिसी राहिनं?" बघतो तर "शेतकऱ्यांची यादी" नावाची दोन फोल्डरं एकाखाली एक. अक्षर न् अक्षर सारखं. एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डरं होऊच शकत नाहीत हे मला ठाम माहीत होतं, म्हणून मी धरलं की नॅसचा स्क्रीन दोनदा दाखवतोय किंवा कॉपी डबल झालीय, आणि त्यातलं एक डिलीट केलं. दहा मिनिटांनी दुसरंही गेलं. मॅकवरूनही गेलं. जुना टॉवर अजून फॉरमॅट केला नव्हता म्हणून माल परत मिळाला, पण ती रात्र माझ्या लक्षात आहे आणि तेव्हापासून सिंक चालू असताना मी "डुप्लिकेट" दिसणारी एकही गोष्ट डिलीट करत नाही. तुम्हीही करू नका.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण मराठी नावं वापरणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. "शेतकऱ्यांची" मधला जो ऱ आहे ना, तो कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे सबंध एकच चिन्ह, मग हलंत. दोन, साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता (खालचा टिंब), मग हलंत. तीन, साधा र, हलंत, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, काही टायपिंग सॉफ्टवेअर असंच टाईप करतात. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखी दिसतात. शेतकऱ्या, व्यापाऱ्या, कर्मचाऱ्या, गिऱ्हाईक, वऱ्हाड, पायऱ्या, आपल्या ऑफिसातले निम्मे फोल्डर या अक्षराचे. जुन्या माणसाने एका कीबोर्डवर टाईप केलं, पोराने दुसऱ्यावर, की झाली दोन नावं.

विंडोजची डिस्क आणि नॅसमधली लिनक्सची डिस्क यांना त्यात काही वावगं वाटत नाही, त्या नाव जसंच्या तसं ठेवतात, म्हणून तिथे दोन्ही फोल्डर सुखाने नांदतात. मॅकचं वेगळं. जुन्या मॅकच्या डिस्का नाव लिहिताना ऱ फोडून र आणि नुक्ता असा करून टाकायच्या, म्हणून जुन्या मॅकच्या डिस्कवर जाऊन परत आलेल्या फाईलींची नावं बदललेली असू शकतात. २०१७ पासून मॅकमध्ये जी नवीन पद्धत आली ती नाव फोडत नाही, पण पहिला आणि दुसरा प्रकार एकच मानते. म्हणजे नॅसवर दोन फोल्डर आणि मॅकवर त्या दोघांसाठी एकच जागा. सिंक मॅकला म्हणतं दुसरं फोल्डर बनव, मॅक म्हणतो आहे की, आणि हे भांडण कधीच संपत नाही. मी नॅसवर एक डिलीट केलं, सिंकने मॅकला तेच करायला सांगितलं, मॅकने त्याच्याकडचं एकुलतं एक उडवलं, मग सिंकला दिसलं की दुसऱ्या नावाचंही मॅकवर आता नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे नॅसवरचंही काढून टाकलं. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम केलं. चूक माझी.

ओळखायचं कसं? दोन-चार फोल्डर असतील तर हाताने करा. नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, ऱ्या च्या पुढचं सगळं काढून नुसतं ऱ् पर्यंत या, आणि बॅकस्पेस एकेक करून दाबा. हलंत गेल्यावर पुढच्या बॅकस्पेसला अख्खं अक्षर गेलं तर सबंध ऱ. खालचा टिंबच गेला आणि र उरला तर फोडलेला. पहिल्याच बॅकस्पेसला त्या ऱ चा पाय मोडलेला साधा र् झाला तर ते न दिसणारं जोडचिन्ह होतं. हजारांनी असतील तर दहा-पंधरा ओळींची पायथन स्क्रिप्ट लागते, जी सगळी नावं वाचते, एकाच रूपात आणते आणि एकाच फोल्डरात दोन नावं सारखी झाली की त्यांची यादी छापते. प्रोग्रामिंग येणाऱ्या कोणत्याही पोराकडून अर्ध्या तासात होतं. पण त्याला ठासून सांगा की युनिकोडचं (कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या क्रमांकांची पद्धत) जे ठरलेलं नॉर्मलायझेशन आहे, म्हणजे एकच अक्षर एकाच रूपात आणणं, ते पहिले दोन प्रकार एक करतं, तिसऱ्याला हातही लावत नाही. जोडचिन्हवाला र वेगळा शोधून ऱ आणि हलंत असा बदलावा लागतो. हे न सांगितल्याने मला एकदा सगळं काम दोनदा करावं लागलंय.

दुरुस्तीचा क्रम मोडू नका. सगळ्या मशिनींवर सिंक पॉज. मग मूळ मशीनवरच, एकाच जागी, नावं बदलायची. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं टूल आहे ते नॉर्मलायझेशनचं काम करतं, त्याची चांगली सवय अशी की तुम्ही नोटेस्ट असं स्पष्ट सांगेपर्यंत ते नुसतं दाखवतं, करत नाही. ती यादी आधी वाचून काढा. जिथे खरंच दोन जुळी फोल्डर आहेत तिथे कोणतंही टूल वापरू नका, एकाचं नाव हाताने बदला, "शेतकऱ्यांची यादी दुसरी" असं काहीही, मग दोन्हीतला माल शेजारी ठेवून तपासा आणि हाताने एकत्र करा. सावद्याच्या त्या दोन फोल्डरांत माल वेगवेगळा होता, एकात जुनी वर्षं आणि एकात नवीन. आणि नाव बदलण्याआधी ऑफिसात विचारा की एक्सेलच्या शीटा एकमेकींना जोडलेल्या आहेत का, कारण नाव बदललं की त्या लिंका तुटतात आणि दोष सिंकवर येतो.

नावांतच दुसरी भानगड लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर एका नावाला २५५ बाईट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि चिन्ह म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार-हलंत सगळं वेगवेगळं मोजायचं. "शेतकऱ्यांची" आपल्याला पाच अक्षरं दिसतात, पण ती ११ चिन्हं आणि ३३ बाईट. म्हणजे नावाला एकूण ८५ चिन्हं. ऐकायला खूप वाटतात, पण आपल्याकडे फाईलीचं नाव म्हणजे अख्खा अर्ज असतो, "मौजे अमुक ता. रावेर येथील तमुक यांचे केळी पीक विमा प्रकरणाबाबत तहसीलदार यांना दिलेले पत्र दुरुस्त प्रत". विंडोजला हे नाव चालतं कारण ते चिन्हं मोजतं, नॅसला चालत नाही. नॅसवर फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर काही मशिनींत मर्यादा १४३ बाईटवर येते, मराठीत ४७ चिन्हं. शेवटच्या काही फाईली न जाण्याचं हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण आहे, आणि सॉफ्टवेअर लॉगमध्ये "नाव फार लांब" असं सरळ लिहितं, फक्त लॉग कोणी उघडत नाही. एन्क्रिप्शन लावायचं की नाही हे डेटा टाकायच्या आधी ठरवा.

उलट्या बाजूने, विंडोजवर पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राईव्हच्या अक्षरापासून फाईलीच्या शेवटापर्यंत, २६० चिन्हांच्या आत ठेवा. रोबोकॉपी त्याहून लांब पत्ते नेते, पण नंतर ती फाईल बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं फाईल खराब झाली. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब, नावात प्रश्नचिन्ह, हे मॅक-लिनक्सवर चालतं आणि विंडोजवर अडतं, तसंच लिनक्सवर चालणारा कोलनही.

मग सिंक जोडा

नावं बदलली असतील तर कॉपी परत एकदा चालवा आणि समोर जुन्या नावाने काही उरलं नाही ना ते बघा, म्हणजे दोन्हीकडे माल सारखा. जुनी बाजू नुसती पाठवणारी ठेवा, नवी बाजू नुसती घेणारी. सिंकथिंग नावाच्या सिंक सॉफ्टवेअरमध्ये याला सेंड ओन्ली आणि रिसीव्ह ओन्ली म्हणतात. दोन्ही बाजूंना सगळे अधिकार देणं पहिल्या आठवड्यात नको म्हणजे नकोच. सेंड ओन्ली बाजूला ओव्हरराईड चेंजेस असं बटण येतं, ते दाबलं की समोरचं जास्तीचं सगळं उडतं, ते बटण कशासाठी आलंय हे कळल्याशिवाय बोट लावू नका.

फाईल व्हर्जनिंग, म्हणजे बदललेल्या-डिलीट झालेल्या फाईलींची जुनी प्रत जपायची सोय, दोन्ही मशिनींवर चालू करा, एकाच नाही. कारण तुम्ही स्वतः एखाद्या मशीनवर डिलीट केलेली फाईल तिथे जपली जात नाही, दुसरीकडून आलेल्या डिलीटमुळे गेलेलीच जपली जाते. सावद्याला हे चालू असतं तर माझी रात्र वाचली असती.

पहिला स्कॅन लांबतो, सगळ्या फाईलींचे ठसे काढतो, सोडून द्या. आता काही फाईली राहिल्याच तर आउट ऑफ सिंकची यादी उघडून एकेक कारण वाचा. नावं आधीच सरळ केलेली आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा उरतात त्या उघड्या फाईली. टॅलीचा डेटा आणि आऊटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाईल) चालू असताना सिंकला लावू नका, आणि टॅलीचा एकच डेटा फोल्डर दोन मशिनींवर सिंक करून दोघांनी एंट्र्या मारायच्या हा उद्योग तर कधीच नाही, मार्चमध्ये वहीच तुटते. टॅलीचा बॅकअप घ्यायचा आणि ती बॅकअपची फाईल सिंकला द्यायची. थम्ब्स, डेस्कटॉप आयएनआय अशा विंडोजने स्वतः बनवलेल्या फाईली आणि ऑफिसच्या तात्पुरत्या फाईली इग्नोरमध्ये, म्हणजे सिंकने सोडून द्यायच्या यादीत टाका.

जुन्या लिनक्स नॅसवर नवीन बदल तासभर कळतच नसतील तर फोल्डरांवर नजर ठेवायची मर्यादा (इनोटिफाय वॉचेस) संपलेली असते. जुन्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ती ८१९२ होती आणि प्रत्येक फोल्डरमागे एक खर्च होतो. २०४८०० करा, नॅस रीस्टार्ट करा.

क्लाऊडवर न्यायचं असेल तर

गुगल ड्राईव्हवर एका खात्यावरून दिवसाला ७५० जीबीच चढतं. तिथे येऊन थांबलं तर काही करू नका, दुसऱ्या दिवशी चालू होतं. वनड्राईव्हमध्ये पूर्ण पत्ता ४०० चिन्हांच्या आत पाहिजे आणि तीन लाखांपेक्षा जास्त फाईली सिंकला लावू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, त्यामुळे स्टुडिओवाल्यांनी वर्षांप्रमाणे तुकडे करून जुनी वर्षं सिंकच्या बाहेर ठेवावीत. आणि वनड्राईव्हच्या फोल्डरातून दुसरीकडे कॉपी करताना ज्या फाईलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच, कॉपी लावली की आधी सगळ्या खाली उतरतात, सी ड्राईव्ह भरतो आणि मशीन झोपतं. एका सीएंच्या ऑफिसात रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे होताना मी पाहिलंय.

पडताळणी

वहीतले आकडे काढा. फाईलींची संख्या आणि बाईट, दोन्ही जुळले पाहिजेत. इग्नोर केलेल्यांचा फरक सोडून एका फाईलीचाही फरक असेल तर ती शोधा, "एवढं चालतं" म्हणू नका, कारण ती एक फाईल नेमकी कोणाचा तरी सातबारा असते.

आकडे जुळले तरी आतला माल जुळतो असं नाही, म्हणून आरसिंक चेकसमसह (आतला माल ताडून) आणि ड्राय रनवर (नुसतं दाखव, करू नको) एकदा चालवा, किंवा आरक्लोन नावाच्या टूलची चेक कमांड. दोन टीबीला पूर्ण रात्र जाते, जाऊ द्या. तिच्या यादीत काही निघालं नाही की मग सिंक-कॉन्फ्लिक्ट असं नावात असलेल्या फाईली शोधा, एकच फाईल दोन्हीकडे बदलली की सिंक तिची अशी दुसरी प्रत ठेवतं. त्या डिलीट करायच्या आधी प्रत्येकीची मूळ फाईल उघडून कोणती नवी आहे ते ज्याचं काम आहे त्याच्याकडून बघून घ्या. आपण नाही ठरवायचं, दिवाणजींना किंवा स्टुडिओच्या दादाला शेजारी बसवायचं. हे झालं की दोन्ही बाजूंना पाठवायचे-घ्यायचे अधिकार द्या.

जुनी डिस्क काढून मार्करने तिच्यावर तारीख लिहा, कपाटात ठेवा, आणि पुढचा मार्चएंड होऊन ऑडिट संपेपर्यंत कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका.